परतीचं आणि बिनपरतीचं

कुठलाही फॉर्म हातात आला की ती आधी तो पालथा करायची. मागच्या कोऱ्या बाजूवर वरपासून खालपर्यंत पेनानं सरळ रेघ ओढून दोन रकाने करायची आणि समोरच्या माणसाकडं चष्म्यावरून बघत विचारायची, "परतीचं का बिनपरतीचं?"

 तो आलेला असायचा पोरीच्या नाहीतर पोराच्या कॉलेजचा फॉर्म भरायला. कुणी त्याला सांगितलेलं असायचं, सरकार पैसे देतं. कुणी सांगितलेलं असायचं, बँक देते. पैसे मिळतात एवढंच डोक्यात.

"ह्ये पैसं उद्या परत द्यायचं हायत का न्हाईत?" ती पुन्हा विचारायची. "ठावं न्हाई? मग घरी जावा, इचार करा आन उद्या या. पेन माझ्याकडं लय हायत, कुटं पळून जात न्हाईत."

गिऱ्हाईक हाकलून लावणारं दुकान तुम्ही कुठं बघितलंय का? मी दहिवडीत बघितलं. आणि बघितल्या बघितल्या मला राग आला. मला राग लवकर येतो, हे आमच्या चार वाड्यांत कुणालाही विचारा. पण त्या बाईचा मला जेवढा राग आला तेवढा सख्ख्या भावाचाही आला नव्हता, आणि भावाशी मी अकरा वर्षं बोललो नव्हतो.

सगळे तिला भाभी म्हणायचे. कचेरीच्या मागच्या गल्लीत तिच्या नवऱ्याचं गाद्या भरायचं दुकान. पिढीजात पिंजारी माणूस. त्याच दुकानाचा अर्धा भाग तिनं मधे पत्रा ठोकून वेगळा केला होता. तिकडं कापूस पिंजायचं यंत्र, इकडं कॉम्प्युटर, झेरॉक्स आणि एक बाकडं. कापूस काही पत्र्याला जुमानायचा नाही. मशीनमधून कागद निघाला की त्याच्यावर कापसाचा तुरा असायचाच. भाभी प्रत्येक कागदावर फुंकर मारून तो माणसाच्या हातात द्यायची. काही म्हाताऱ्या बायांना वाटायचं, दुवा देतेय. त्या दोन्ही हातांनी कागद घेऊन कपाळाला लावायच्या.

"आवं मावशी, कापूस हाय त्यो," भाभी खेकसायची.

नवरा गरीब. दारात आलेल्याला विचारायचा, "गादी का फारम?" फारम म्हटलं की पत्र्याकडं बोट दाखवायचं आणि पुन्हा यंत्राला लागायचं. एवढाच त्याचा त्या धंद्यात हात.

मी तिथं गेलो तो भांडायलाच गेलो. माझी नात मनीषा, थोरल्या पोराची पोरगी. पोरगा मुंबईला बाजारात पोती उचलतो. पोरगी आमच्याकडं वाडीवर वाढली. बारावीला चांगली निघाली, पुढची परीक्षा दिली आणि सांगलीच्या एका कॉलेजात तिचा फार्मसीला नंबर लागला. आमच्या वाडीतून तोवर पोरगी बाहेर पडली ती लग्न होऊनच. घरात पेढे आले. आणि पेढा हातात असतानाच मनीषा म्हणाली, "आबा, फीची काळजी करू नका. दहिवडीच्या भाभीनं सांगितलंय, आपली फी सरकार भरतंय."

हातातला पेढा मी खोक्यात परत ठेवला.

आमच्या घरात फुकटचं कुणी खाल्लेलं नाही. दुष्काळ पडला तेव्हा लोक सरकारी चारा छावणीवर गेले, मी मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेलो. पायाला फोड आले, पण कुणापुढं हात पसरला नाही. आणि आता नातीच्या शिक्षणाला सरकारची भीक? सकाळच्या पहिल्या एसटीनं मी दहिवडीला.

"भाभी कोण हाय हितं?"

"मीच. बसा, आबा."

"बसाया न्हाई आलो. माझ्या नातीला फुकटच्या पैशाची वाट तूच दावलीस का?"

"व्हय, मीच."

"आमी भिकारी दिसलो तुला?"

तिनं मला पायापासून पटक्यापर्यंत बघितलं. "न्हाई. तापट दिसताय. फी कशी भरणार मग?"

"कर्ज काढीन. कर्ज घ्यायचं, फेडायचं, मान ताठ ठिवायची."

"मग कर्जाचा फारम हाय. पर त्याला माझ्याकडं डबल पैसं पडत्यात."

"डबल का?"

"माणसानं दोनदा इचार करावा म्हणून."

बाकड्यावरची माणसं हसली. मी त्यांच्याकडं बघितल्यावर गप्प झाली. भाभी मात्र हसली नाही. तिनं चष्मा काढला आणि बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज असा चढला की पत्र्यापलीकडचं यंत्र बंद पडलं. नवऱ्यानं बंद केलं असावं.

तिचीही एक पोरगी होती. तिलाही कॉलेजात घातलेलं. कॉलेजच्या दारात टेबल टाकून एक एजंट बसायचा. तो म्हणाला, शिष्यवृत्ती मंजूर झाली, सही करा. इंग्रजी फॉर्म. हिनं सही केली. दुसऱ्या वर्षी बँकेचं पत्र आलं तेव्हा कळलं की ती शिष्यवृत्ती नव्हतीच, कर्ज होतं, आणि त्याच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढत होतं. नवऱ्याचं डोकं फिरलं, पोरगी घाबरली, कॉलेज सुटलं. आता ती कराडला साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते.

"फारम वाचून दावा, येवडं म्हणायची मला लाज वाटली, आबा," भाभी म्हणाली. "समोर शिकलेली माणसं हुती. आपण अडाणी दिसू म्हणून गप बसले. त्या लाजंची किंमत पोरीनं दिली."

त्यानंतर ती म्हणे पोरांच्या क्लासात जाऊन बसली, कॉम्प्युटर शिकली, फॉर्मातली ओळ न् ओळ वाचायला शिकली आणि हे दुकान काढलं. हे तिनं रडून सांगितलं असतं तर मी उठून गेलो असतो. पण ती रागानं सांगत होती. रागानं बोलणाऱ्या माणसाचं मी ऐकतो.

तरी मी म्हणालो, "तुझं खरं. पर फुकट ती भीकच."

"तुमी मेंढरं राखता न्हवं? दुसऱ्याच्या रानात रातची मेंढरं बसवता, तवा शेतकरी तुमाला काय देतो?"

"धान्य देतो. पायली, दोन पायली."

"मग ती भीक हाय?"

"भीक कशी? माझ्या मेंढरांच्या लेंड्यांनी त्याचं रान खतावतं. साल-दोन साल पीक घेतो त्यो त्याच्यावर."

"मग सरकार तुमच्या नातीला फी देतंय ते काय तिचं तोंड बघून देतंय? शिकून ती औषधं करणार, दवाखान्यात बसणार. रान कुणाचं खतावतंय, आबा?"

 उत्तर आलं नाही की मला जास्त राग येतो. मी "बघू" म्हणालो आणि उठलो. आमच्याकडं "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. हरलो असं म्हणायला तोंड होत नाही तेव्हा माणूस "बघू" म्हणतो.

आता तिची दुसरी सवय सांगतो, ती सगळ्यात वाईट. कुठलाही कागद फायलीत टाकायच्या आधी ती तो मोठ्यानं वाचायची. सगळ्या गर्दीत. उत्पन्नाचा दाखला असो, रेशनकार्ड असो, मार्कलिस्ट असो. कुणाचं उत्पन्न किती, कुणाला गणितात किती मार्क, अख्ख्या बाकड्याला कळायचं. लोक शरमायचे. भाभीला त्याचं काही नव्हतं. "कागूद तुमचा हाय, त्यात काय लिवलंय ते तुमाला ठावं पायजे," एवढंच. मनीषाची फाइल अशी एकेक कागद वाचून भरत गेली आणि एका कागदापाशी अडली.

सीट आरक्षणातली. त्याला जातीचा दाखला पुरत नाही, त्या दाखल्याची पडताळणी लागते. लोक तिला व्हॅलिडिटी म्हणतात. ती साताऱ्याहून मिळते, आणि त्यासाठी घराण्यातल्या जुन्या माणसाचा, फार जुना, जात लिहिलेला कागद लागतो. कॉलेजानं मुदत दिली होती. मुदतीत व्हॅलिडिटी नाही आली तर फी माफी गेली, आणि सीटही गेली.

"तुमच्या वडलांचा शाळेचा दाखला?" भाभीनं विचारलं.

"शाळा बघितली न्हाई त्यांनी."

"चुलतं?"

"मेंढरामागं."

"जन्माची नोंद?"

काय सांगणार? आमच्याकडं माणसं जन्मायची ती वाटेवर. कुणी नीरेच्या काठाला, कुणी कराडच्या अलीकडं, जिथं मेंढरं असतील तिथं. नोंद करायला तिथं कोण बसलेलं? तरी तिनं माझ्या चुलतभावाला कचेरीत पाठवून जुन्या वह्या बघायला लावल्या. आमचं नाव कुठंच नव्हतं.

"आन तुमचा सोताचा दाखला, आबा?"

"मी शाळेची पायरी चढलो न्हाई," मी म्हणालो.

हे मी साठ वर्षं सांगत आलो होतो. बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं, पंचायतीत छाती काढून सांगितलं. शाळेची पायरी न चढता माणूस चारशे मेंढरं सांभाळतो, पोरांची लग्नं करतो. लोक माना डोलवायचे. आणि हे साफ खोटं होतं.

मी शाळेत गेलो होतो. पहिलीतून मास्तरांनी सगळ्यांबरोबर पुढं ढकललं. दुसरीत नापास झालो, पुन्हा दुसरीत बसलो आणि पुन्हा नापास झालो. माझ्यापेक्षा लहान पोरं पुढच्या वर्गात गेली आणि मास्तरांनी मला बारक्या पोरांच्या रांगेत बसवलं. मी उंच होतो. गुडघे पोटात घेऊन बसायचो. एक दिवस दप्तर बाभळीला अडकवलं आणि परत फिरकलो नाही. जे बरोबर होते ते सगळे आता गेले. गोष्ट माझ्याबरोबर जाणार होती. आणि ही बाई ती कागदावर मागत होती, नातीच्या देखत, मोठ्यानं वाचायला.

मी शाळेचं नाव काढलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी बँकेत जाऊन बघितलं. म्हणालो, कर्ज द्या, फी मी भरतो, मला तुमची माफी नको. साहेब म्हणाला, "आधी अॅडमिशन पक्कं झाल्याचं पत्र आणा." म्हणजे व्हॅलिडिटी नाही तर सीट नाही, आणि सीट नाही तर कर्जही नाही. वर त्यानं जमिनीचा उतारा मागितला. भाभीला सांगितलं तर ती उसळली, "येवड्या कर्जाला उतारा लागत न्हाई! त्याला म्हणावं लिवून दे." ती माणसं लिहून देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. तोंडानं काहीही मागतात.

मी त्या दिवसांत सगळ्यांवर ओरडलो. सुनेवर, कुत्र्यावर, एसटीच्या कंडक्टरवर.  एका सकाळी बघतो तर मनीषा आपल्या परीक्षेच्या पुस्तकांवरची धूळ पुसून शेजारच्या पोरीला देत होती. "तुला पुढच्या वर्षी लागतील गं," म्हणाली. स्वतःला लागतील असं आता तिला वाटत नव्हतं.

मी तडक दहिवडीला गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. भाभीनं मला बाकड्यावर न बसवता आत, पत्र्याच्या कोपऱ्यात बोलावलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "आबा, तुमी माझ्याफुडं चार येळा सही केली. अंगठा द्या म्हणलं तर तुमाला राग आला. ज्यानं पाटीवर पेन्शिल धरली न्हाई त्यो माणूस पेन असा धरत न्हाई. मी काय इचारणार न्हाई. मुदतीला पाच दिस हायत, येवडंच सांगते."

सहीच्या ताठ्यानं माझं खोटं उघडं पाडलं होतं.

गावच्या शाळेत मी साठ वर्षांनी पाय ठेवला. हेडमास्तरीण सुनेएवढी. तिनं लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं, पानं फुंकून फुंकून उलटली आणि माझं नाव सापडल्यावर "सापडलं, बाबा!" म्हणून टाळी वाजवली. माझ्या नावापुढं निळ्या शाईत जात लिहिलेली होती. पुढं काय काय लिहिलेलं होतं तेही तिनं दाखल्यात जसंच्या तसं उतरवलं. मी म्हणालो, "बाई, शेवटचं सोडलं तर न्हाई चालायचं?" ती म्हणाली, "रजिस्टरमध्ये आहे तसंच द्यावं लागतं हो." मी दाखला चार घड्या करून कनवटीला लावला.

दुकानात गेलो तर बाकडं भरलेलं. मनीषाही तिथंच बसलेली. भाभीनं घड्या उलगडल्या. वाचलं. आणि जन्मात पहिल्यांदा, एक शब्द न बोलता, कागद झेरॉक्सवर ठेवायला उठली.

तुम्हाला वाटेल, मला बरं वाटलं असेल. मला भयंकर राग आला. सगळ्या दुनियेचं मोठ्यानं वाचायचं आणि माझं तेवढं झाकायचं? माझी दया करणारी ही कोण?

"वाच," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या, आबा."

"सगळ्यांचं वाचतीस. माझं बी वाच. मोठ्यानं."

तिनं माझ्याकडं बघितलं, चष्मा सारखा केला आणि वाचलं. नाव, जात, इयत्ता दुसरी. अभ्यासातील प्रगती, असमाधानकारक. वर्तणूक, चांगली. शाळा सोडल्याचे कारण, दोन वेळा नापास व सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.

बाकड्यावरचा एक जण फिसकन हसला.

भाभी त्याच्यावर अशी धावली की तो मागच्या कापसावर पडला. "हसतोस काय रं? तुज्या बापाचा हाय का असला कागूद? ह्या कागदावर पोरीची सीट टिकणार हाय, सीट! असला कागूद घरात असता तर तू हितं दोन म्हयने हेलपाटं घातलं असतंस का?"

मग ती माझ्याकडं वळली. "आन परीक्षा कवा व्हायची तुमची?"

"उन्हाळ्यात. एप्रिलात."

"तवा तुमी कुटं हुता?"

"नीरंच्या काठाला. मेंढरामागं. दिवाळी झाली की आमी निघायचो, पावसाला परत."

"मग नापास कसं झालासा? परीक्षेला बसलाच न्हाई तुमी." आणि ती झेरॉक्स काढायला लागली, जणू काही विशेष बोललीच नाही.

साठ वर्षं मी स्वतःला ढ समजत होतो. हे साधं गणित मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी मांडलं नव्हतं. ज्या शाळेनं परीक्षा ठेवली ती आम्ही गावात नसताना, तिनंच माझ्या नावापुढं शेरा मारला. तो शेरा मारणाऱ्या हाताचा मला त्या दिवशी जो राग आला तो अजून उतरलेला नाही. मनीषा माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. झेरॉक्सचे पैसे भाभी घेईना, मी ते काउंटरवर आपटले.

साताऱ्याला अर्ज आधीच पडून होता, हा कागद जोडल्यावर व्हॅलिडिटी मुदतीच्या आदल्या दिवशी हातात पडली. सांगलीच्या कॉलेजात खिडकीतला माणूस तरीही म्हणाला, आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. मनीषानं तिथूनच भाभीला फोन लावला. भाभी म्हणाली, फोन त्यांच्या कानाला लाव. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, फक्त "लिवून द्या, सहीशिक्क्यानं लिवून द्या" एवढं तीन वेळा खिडकीबाहेर आलं. माणसानं फोन परत दिला, फाइल ठेवून घेतली आणि फीचं नाव पुन्हा काढलं नाही.

राहिला वसतिगृहाचा आणि खाणावळीचा खर्च. तो काही माफीत बसत नव्हता. मेंढरं विकून सगळा भागत नव्हता. शेवटी थोडं कर्ज काढायचं ठरलं, आणि कर्जाच्या नावानं बोटं मोडणाऱ्या त्याच बाईनं त्याचा फॉर्म भरला. डबल पैसे घेऊनच. पण सही करायच्या आधी तिनं मला बाकड्यावर उभं केलं.

"ह्ये परतीचं हाय. म्हणा, किती घेतलं?"

मी सांगितलं.

"व्याज कवापासनं?"

"पैसं उचलल्या दिवसापासनं."

"हप्ता कवापासनं?"

"शिक्षण सपल्यावर एक सालानं."

"मधल्या सालातलं व्याज?"

"चढतंच. जमलं तर मधीमधी भरायचं, म्हंजी डोंगर व्हत न्हाई."

"पोरीनं शिक्षण मधीच सोडलं तर?"

"तरी फेडायचं."

"पास," भाभी म्हणाली आणि पेन माझ्या हातात दिलं. दुसरीत दोनदा बसलेल्या माणसाला तो शब्द कसा लागला ते मी सांगणार नाही.

फी माफीचा फॉर्म दर वर्षी नव्यानं भरावा लागतो. दुसऱ्या वर्षीही भाभीनंच भरला, माझ्याशी भांडूनच. यंदा तिसऱ्या वर्षाचा भरायला मी दहिवडीला गेलो तर गल्लीत शिरतानाच कळलं. यंत्राचा आवाज नव्हता. नवरा कापसाच्या गठ्ठ्यावर बसला होता.

"गेली, आबा. नऊ दिस झाले. छातीत दम ऱ्हाईना. डॉक्टर म्हणाला, कापूस बसलाय आत."

मला राग आला. कापसाचा, डॉक्टरचा, त्या गठ्ठ्यावर बसलेल्या माणसाचा, आणि सगळ्यांचे कागद वेळेत करणाऱ्या पण स्वतःची छाती एकदाही तपासून न घेणाऱ्या बाईचा. 

तिच्या टेबलावर सात फायली होत्या. भरलेल्या, पण कुठं एक सही राहिली, कुठं एक कागद. वर तिच्या मोठ्या अक्षरात नाव, वाडी, आणि काय राहिलंय ते. "ह्या पोरींच्या हायत," नवरा म्हणाला. "परवा शेवटची तारीख म्हणत्यात. मला वाचता येत न्हाई. कुणाची कुटली, कसं द्यायचं?"

मी फायली घोंगड्यात बांधल्या. मनीषाचा फॉर्म स्टँडसमोरच्या दुसऱ्या दुकानात टाकला आणि एसटी धरली. तीन वाड्या त्या दिवशी झाल्या, चार दुसऱ्या दिवशी. एसटी जिथं जात नाही तिथं चालत गेलो. प्रत्येक वाडीच्या तोंडाला उभं राहून नाव वाचायचं. मी अक्षराला अक्षर लावून वाचतो, वेळ लागतो. पोरं हसायची, मी त्यांना शिव्या द्यायचो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचो.

शेवटची वाडी डोंगराच्या अंगाला. ऊन कलायला लागलेलं. नाव मोठं होतं, तीनदा वाचलं तेव्हा एका घरातून पोरगी बाहेर आली. हात शेणानं भरलेले. फाइल बघून ती आत पळाली, हात धुऊन, ओढणीला पुसत आली आणि माझ्या हातातून फाइल जवळजवळ ओढूनच घेतली.

मला या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. दारातच उभी राहून तिनं पहिला कागद काढला आणि वाचायला लागली, मोठ्यानं. सगळे कागद संपेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.